जोयड्याच्या नोंदींना विषयवार मांडणी हवी

जोयडा तालुक्याच्या अभ्यासकाला साधनांची वानवा नाही. ती विखुरलेली आहेत, हीच खरी अडचण. जोयडा ज्यात येतो तो उत्तर कन्नड जिल्हा 1862 ते 1956 या काळात मुंबईच्या कारभारात होता, नंतर म्हैसूर राज्यात गेला. त्यामुळे सरकारी कागद दोन राज्यांत विभागले गेले, तर कुणबी शेतकऱ्यांचे कंदांविषयीचे ज्ञान कोकणी बोलण्यात राहिले. उदाहरणार्थ, तालुक्यातल्या सुपा धरणात जुने सुपा गाव बुडाले. ही एकच नोंद पाणी, वीज, जंगल आणि विस्थापन या चारही विषयांत हवी. वहीत ती एकाच पानावर अडकते. संदर्भ नोंदवण्याच्या झोटेरोसारख्या मोफत संगणकीय साधनात मूळ नोंद एकच ठेवून ती चारही संग्रहांत दाखवता येते. विषयाला अनेक पैलू असतात, हे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी 1933 च्या कोलन वर्गीकरणात मांडलेच होते.

घाटात रेंज नसते, हा आक्षेप रास्त आहे. पण झोटेरो इंटरनेटविना चालते. हे साधनच उद्या बंद पडले तर? म्हणूनच नोंदी वेळोवेळी साध्या फाइलींत उतरवून ठेवाव्यात. विचार मात्र अभ्यासकालाच करावा लागतो: विषयांची नावे आधी ठरवावीत, आणि माहिती कोणी, कोणत्या गावी, कोणत्या भाषेत दिली हे प्रत्येक नोंदीत लिहावे. महाविद्यालयांनी हे पहिल्याच वर्षी शिकवावे.