पडद्यावरील चित्र आणि शिक्षकाचे काम

मार्गशीर्ष पौर्णिमेच्या सुमारास तापीच्या काठी सारंगखेड्यास एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्याबरोबर घोड्यांचा मोठा बाजार उभा राहतो. निरनिराळ्या प्रांतांतून आलेले व्यापारी व शौकीन तेथे घोडा पारखताना दिसतात. जाणता गिऱ्हाईक आधी लांबून घोड्याची ठेवण पाहतो, मग जवळ जाऊन त्याचे तोंड उघडून दात पाहतो, अंगावरचे भोवरे तपासतो, पाय उचलून खूर न्याहाळतो आणि शेवटी त्याला चालवून, पळवून पाहतो. नुसते रंगीत छायाचित्र दाखवून सौदा करा, असे त्याला कोणी सांगितले तर तो हसून पुढे जाईल. तथापि वयाप्रमाणे घोड्याचे दात कसे बदलत जातात, हे नवशिक्याला समजावयाचे असेल, तर चार वयांच्या चार घोड्यांच्या दातांची चित्रे शेजारीशेजारी मांडण्यासारखा दुसरा उपाय नाही; कारण चार घोडे एकाच वेळी तोंड उघडून उभे राहत नाहीत. शिक्षणातील चित्राचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा, दोन्ही या एका उदाहरणात आल्या.

हे मुद्दाम सांगावयाचे कारण असे की, शाळा-महाविद्यालयांतून प्रोजेक्टर आता नवलाईची वस्तू राहिलेला नाही. वर्गात पडदा आहे की नाही, हा प्रश्न हिरीरीने विचारला जातो. त्या पडद्यावर काय दाखवावयाचे, किती दाखवावयाचे आणि कशासाठी, हे प्रश्न मात्र फारसे कोणी विचारीत नाही. वस्तुतः साधनाची उपयुक्तता याच प्रश्नांच्या उत्तरांवर अवलंबून आहे.

चित्राच्या आधारे शिकविण्याची कल्पना नवी नाही. कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाने मुलांसाठी रचलेले सचित्र पाठ्यपुस्तक १६५८ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्याकडे तर त्यासाठी ग्रंथाचीही वाट पाहावी लागली नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर समाजातील चित्रकथी चित्र समोर धरून, वाद्यांच्या साथीने कथा सांगत आले आहेत. त्या परंपरेचे जतन करणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. १८९० च्या दशकात कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी मुलांच्या साहाय्याने ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ केले. काचेवर हाताने रंगविलेली चित्रे पडद्यावर टाकावयाची आणि निवेदनाच्या साथीने कथा उलगडावयाची, असे त्या खेळांचे स्वरूप होते. आजच्या स्लाइडचे मराठी मुलखातील हे पूर्वज होत. दादासाहेब फाळके यांनीही ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, कुंडीतील वाटाण्याचे रोप कसे वाढते याची थोड्या थोड्या अवधीने चित्रे टिपून एक लहानसा चित्रपट तयार केला होता. डोळ्यांदेखत घडत असूनही डोळ्यांना न दिसणारी गोष्ट त्यांनी दाखविली. विज्ञानाच्या शिक्षकाला यापेक्षा वेगळे काय हवे असते?

चित्रकथी आणि पटवर्धन यांच्या पद्धतीत एक समान सूत्र आहे. चित्र स्वतः बोलत नसे. बोलणारा माणूस शेजारी असे. कथेचा एक भाग पुरा झाल्यावाचून पुढचे चित्र येत नसे. चित्र थांबे, श्रोते पाहत आणि सांगणारा त्यांच्या चेहऱ्यांकडे पाहून आपले सांगणे लांबवी किंवा आवरी. चित्राने सांगणाऱ्याची जागा घेतली नव्हती, त्याला आधार दिला होता.

छायाचित्राच्या पारदर्शिका वापरण्याच्या काळातही हे सूत्र बऱ्याच अंशी टिकून होते, आणि त्याचे कारण शिक्षणशास्त्रापेक्षा अर्थशास्त्रात अधिक सापडते. फिल्मच्या एका गुंडाळीत छत्तीस चित्रे निघत. फिल्म महाग, ती धुण्याचा खर्च वेगळा, प्रत्येक चित्र दोन इंची चौकटीत बसविण्याचा खटाटोप निराळा. शिवाय खोलीत अंधार करावा लागे आणि ऐन वेळी यंत्राचा दिवा गेला की तास बुडे. साहजिकच शिक्षक एकेक पारदर्शिका पारखून घेई. वीस चित्रांतून बारा निवडावयाची तर आठ का टाकावयाची, याचा विचार करावा लागे. हा विचार हाच खरा पाठाचा आराखडा होता. साधन दुर्मिळ होते म्हणून निवड काटेकोर होती.

पुढे संगणकाने हा हिशेब बदलला. ‘पॉवरपॉइंट’ ही प्रणाली १९८७ मध्ये बाजारात आली आणि २००४ मध्ये कोडॅक कंपनीने पारदर्शिकांचे प्रोजेक्टर बनविणे थांबविले. आज आणखी एक स्लाइड करण्याचा खर्च जवळजवळ शून्य आहे. एखादी वस्तू फुकट मिळू लागली की तिचा वापर बेसुमार वाढतो, हा साधा नियम येथेही लागू पडला. परंतु अर्थशास्त्राचा विद्यार्थी हेही जाणतो की खर्च क्वचितच नाहीसा होतो; बहुधा तो दुसऱ्याच्या माथी जातो. येथे तो विद्यार्थ्याच्या माथी गेला. पंचेचाळीस मिनिटांच्या तासाला साठ स्लाइड दाखविल्या तर एकीच्या वाट्याला पाऊण मिनिट येते. त्यात वाचावयाचे, समजून घ्यावयाचे की उतरवून घ्यावयाचे? विद्यार्थी यांपैकी काहीच न करता खिशातून मोबाइल काढतो आणि पडद्याचे छायाचित्र घेतो. अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणारे हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच दाखवून दिले होते की, माहिती मुबलक झाली की माणसाचे अवधान दुर्मिळ होते. वर्गातील खरे भांडवल अवधान हेच आहे, आणि ते उधळले जात आहे.

त्यातही बहुतेक स्लाइडवर चित्र नसतेच. असतात ते पाठ्यपुस्तकातील वाक्यांचे तुकडे. शिक्षकाने ते वाचून दाखवावयाचे आणि विद्यार्थ्यांनी पाहावयाचे, याला दृक्-साधन म्हणणे म्हणजे शब्दांची थट्टा होय. तुकड्यांत मांडलेल्या विचाराने काय होऊ शकते, याचे एक गंभीर उदाहरण जगासमोर आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी ‘कोलंबिया’ अंतराळयान परतीच्या प्रवासात नष्ट झाले आणि कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. उड्डाणाच्या वेळी यानाच्या पंखावर फोमचा तुकडा आदळला होता. त्याच्या परिणामांविषयी अभियंत्यांनी वरिष्ठांपुढे जी स्लाइड ठेवली, तीत सर्वांत महत्त्वाची गोष्ट अगदी तळाशी बारीक अक्षरांत होती: आदळलेला तुकडा चाचण्यांत वापरलेल्या तुकड्यांपेक्षा शेकडो पटींनी मोठा होता. अपघाताचे कारण स्लाइड नव्हे, हे उघड आहे. पण सविस्तर तांत्रिक टिपणाऐवजी स्लाइडवर विसंबण्याच्या सवयीवर चौकशी मंडळाने स्पष्ट ताशेरे ओढले. जाणकार अभियंत्यांची जेथे ही गत, तेथे बारावीच्या विद्यार्थ्याकडून किती अपेक्षा करावी?

नंदुरबारसारख्या जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक धार आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची होती. राज्याचे साक्षरतेचे प्रमाण ८२ टक्क्यांवर गेले असता येथे ते सुमारे ६४ टक्केच होते. सारंगखेड्यापासून सातपुड्याच्या माथ्यापर्यंत जावे तसतशी घरची बोली बदलते: अहिराणी, गुजरी, भिलोरी, पावरी. पाठ्यपुस्तकाची मराठी ही येथील असंख्य मुलांची घरची भाषा नव्हे. अशा मुलापुढे दाट अक्षरांची स्लाइड टाकणे म्हणजे फळ्यावरची अडचण उजेडात मोठी करून दाखविणे होय. उलट नेमके चित्र टाकले, त्याला आपल्या बोलीत बोलू दिले आणि मग पुस्तकातील शब्द त्या चित्राशेजारी ठेवला, तर हीच स्लाइड त्याच्यासाठी दोन भाषांमधला पूल ठरेल. चित्राची गरज शहरातील मुलापेक्षा या मुलाला अधिक आहे, आणि अक्षरांनी भरलेल्या पडद्याचा तोटाही त्यालाच अधिक आहे.

मग दाखवावे काय? याचे सूत्र घोड्यांच्या बाजाराने घालून दिले आहे. जे खिडकीबाहेर आहे ते पडद्यावर दाखवू नये. जे वर्गात आणता येत नाही, ते दाखवावे. सारंगखेड्याच्या मुलाला तापी दाखविण्यासाठी प्रोजेक्टर नको. तो तिच्यावरील बंधारा आणि पूल रोज पाहतो. पण ती नदी बैतूल जिल्ह्यात मुलताईपाशी उगम पावते, सातशेहून अधिक किलोमीटर वाहते, उकाईला धरणात अडते आणि सुरतेपलीकडे समुद्राला मिळते, हे त्याने पाहिलेले नसते. उगम, प्रकाशे, उकाई, मुख आणि संपूर्ण खोऱ्याचा नकाशा, एवढ्या पाच चित्रांत भूगोलाचा एक उत्तम तास होईल. बंधाऱ्याने अडविलेल्या पाण्याचे पुढे काय होते, हा प्रश्न मग मुलेच विचारतील. अर्थशास्त्राच्या शिक्षकानेही किंमत ठरण्याची प्रक्रिया शिकविताना मागणी-पुरवठ्याच्या वक्ररेषा जरूर पडद्यावर टाकाव्यात. परंतु त्याआधी विद्यार्थ्यांना एकदा यात्रेत किंवा नंदुरबारच्या मिरचीच्या बाजारात न्यावे. उपरण्याखाली बोटे दाबून जनावराचा भाव ठरविण्याची जुनी रीत काय होती, आणि तो भाव गुप्त राहिल्याने कोणाचा फायदा होत असे, याची चर्चा झाल्यावर त्या रेषांना अर्थ येईल.

यावर शिक्षकांचा आक्षेप ठरलेला आहे आणि तो खोटा नाही. वर्गात विद्यार्थी दाटलेले, अभ्यासक्रम संपवावयाचा, त्यात निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे आणि माहितीचे तक्ते. चित्रे शोधावयास वेळ कोठून आणावा? तयार स्लाइड मिळते तर ती का नाकारावी? या तक्रारीला ‘इच्छा असली की मार्ग सापडतो’ असे उत्तर देणे अन्यायाचे होईल. दोष मुख्यतः व्यवस्थेच्या मोजमापात आहे. महाविद्यालयांच्या मूल्यांकनात अशा साधनांनी युक्त वर्गखोल्या किती, हे विचारले जात आले आहे. जे मोजले जाते ते वाढते; म्हणून पडदे वाढले. १९८७ मध्ये सुरू झालेल्या खडू-फळा मोहिमेच्या वेळीही असेच घडले होते. फुटेल, हरवेल आणि भरपाई आपल्याला द्यावी लागेल, या धास्तीने कितीतरी ठिकाणी शैक्षणिक साहित्य कपाटात कुलूपबंद राहिले. प्रोजेक्टरची गत त्याहून वेगळी व्हावयाची असेल, तर यंत्राच्या खरेदीबरोबर त्याच्या दुरुस्तीची आणि विजेच्या देयकाची तरतूद झाली पाहिजे. देयक थकल्याने वीजजोडणी तुटलेल्या शाळांच्या बातम्या महाराष्ट्राला नव्या नाहीत.

दुसरी गोष्ट सहकार्याची. प्रत्येक शिक्षकाने एकट्याने चित्रे जमविण्याचे कारण नाही. केंद्रस्तरावर शिक्षण परिषदा भरतात. त्यांतील एक बैठक केवळ चित्रांसाठी द्यावी आणि परिसरातील पिके, बाजार, नद्या, घरे, अवजारे यांची छायाचित्रे शिक्षकांनी आपापसांत वाटून घेऊन टिपावीत. प्रत्येक चित्राखाली त्या वस्तूचे नाव मराठीत आणि त्या भागातील बोलीत लिहावे. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने ती पारखून सर्व शाळांना पुरवावीत. मोबाइलचा कॅमेरा आज बहुतेक शिक्षकांच्या खिशात आहे. त्यामुळे या कामाला वेगळ्या निधीची नव्हे, तर शिक्षकाला इतर कामांतून मोकळे करण्याची गरज आहे. तो वेळ देणे शासनाच्या हाती आहे.

तिसरी गोष्ट शिक्षकाच्याच हाती आहे. टाचण काढताना ‘शैक्षणिक साधने’ या मथळ्यापुढे ‘प्रोजेक्टर’ एवढाच शब्द न लिहिता, कोणते चित्र, ते किती वेळ ठेवणार आणि त्यावर कोणता प्रश्न विचारणार, हे लिहावे. ज्या चित्रावर विचारण्यासारखा प्रश्न सापडत नाही, ते गाळावे. साठ स्लाइडच्या पंधरा झाल्या तर प्रत्येकीला तीन मिनिटे मिळतील, आणि तीन मिनिटांत मागच्या बाकावरच्या मुलाचाही हात वर होण्यास अवसर मिळेल. मूल्यांकन करणाऱ्यांनीही वर्गखोलीत पडदा आहे काय, एवढे पाहून न थांबता तो हात वर झाला काय, हे पाहावयास तासाला येऊन बसावे.