चार चौकोनांतला टॉश

इंग्रजी शब्दकोडी रचणाऱ्यांना पीटर टॉश हे नाव मोठे सोयीचे. इंग्रजीत आडनावाची अक्षरे चार. संकेत 'रेगे गायक' एवढाच. सोडवणाऱ्याने चौकोन भरावेत आणि पुढच्या आडव्या शब्दाकडे वळावे. ब्रिटिश बोलीत 'टॉश' म्हणजे निरर्थक बडबड. संकेत माणसाचा असो वा बडबडीचा, चौकोनांना त्याचे सोयरसुतक नसते.

आमचा आक्षेप कोड्याला नाही, संकेताच्या आळसाला आहे. बॉब मार्ली आणि बनी वेलर यांच्यासह टॉश 'वेलर्स'चे संस्थापक. एप्रिल १९७८ मध्ये किंग्स्टनच्या 'वन लव्ह पीस' मैफलीत जमैकाचे पंतप्रधान मायकेल मॅन्ली आणि विरोधी पक्षनेते एडवर्ड सियागा यांच्यादेखत त्यांनी रंगमंचावरून राज्यव्यवस्थेचे वाभाडे काढले. त्याच वर्षी पोलिसांनी त्यांना बेदम मारहाण केली. ११ सप्टेंबर १९८७ रोजी राहत्या घरी त्यांची हत्या झाली. यांतले काहीही चौकोनांत उतरत नाही.

गाजलेल्या पॉप गाण्यांच्या प्रश्नांत हा विसर अधिक बोचतो. 'द टाइड इज हाय' म्हटले की उत्तर अपेक्षित असते ते ब्लाँडी. त्यांची आवृत्ती १९८० ची. गाणे लिहिले जमैकाच्या जॉन होल्ट यांनी, आणि त्यांच्या 'पॅरागन्स'ने ते १९६० च्या दशकातच गायले होते. मार्लींचे 'आय शॉट द शेरिफ' १९७३ चे. अमेरिकेत ते अग्रस्थानी पोचले ते १९७४ मध्ये, एरिक क्लॅप्टन यांच्या आवाजात. ज्याच्या आवाजात गाणे खपले तो उत्तर ठरतो. ज्याने ते रचले तो प्रश्नातही उरत नाही.

कोडे हा विरंगुळा आहे, इतिहासग्रंथ नव्हे, असे कोणी म्हणेल. मान्य. परंतु विरंगुळ्यातून मनावर ठसलेले ग्रंथातल्या मजकुराहून अधिक टिकते. २०१८ मध्ये युनेस्कोने जमैकाच्या रेगे संगीताचा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात समावेश केला. वारसा केवळ यादीत नोंदवून जपला जात नाही. रोजच्या बोलण्यात, खेळण्यात कोणाचे नाव घेतले जाते, यावरही तो अवलंबून असतो.

आणि अडचण जागेची तर मुळीच नाही. 'द टाइड इज हाय'चे गीतकार कोण, एवढेच विचारावे. होल्ट हे आडनावही इंग्रजीत चारच अक्षरांचे आहे.