कडक झालेले रबर

वडिलांची १९९४ सालची आरएक्स १०० यंदा आम्ही अडगळीतून बाहेर काढली. किक मारताच सुरू झाली. पण ॲक्सिलरेटर सोडला तरी इंजिन आपले ओरडतच राहिले. मिस्त्रींनी कार्बोरेटर आणि इंजिन यांमधला रबरी जोड नखाने दाबून दाखवला. नख रुतेना. लाकूडच झाले होते!

'विंटरग्रीन तेलात बुडवा, नव्यासारखा होईल,' असा सल्ला चौघांनी दिला. आधी मुठींची रबरे बुडवून पाहिली. घरभर गुडघेदुखीच्या मलमाचा वास सुटला (आजी मात्र प्रसन्न!) आणि रबरे खरोखरच मऊ झाली.

तरीही जोडाला हा उपचार करू नये, असे माझे ठाम मत आहे. १८३९ मध्ये गुडइयरने गंधक व उष्णता यांनी रबर टिकाऊ केले, ते त्याच्या लांब साखळ्या एकमेकींना बांधून. इंजिनाची धग आणि हवा यांनी अशा गाठी वाढत गेल्या, की रबर कडक होते. तेल त्या गाठी सोडवत नाही. आत शिरून रबर फुगवते, एवढेच. तेल उडाले की ये रे माझ्या मागल्या. आणि भेग तर बुजतच नाही. तिच्यातून जादा हवा शिरली, तर टू-स्ट्रोक इंजिन भलते तापते, पिस्टन धावत्या गाडीत जाम होतो आणि मागचे चाक अडते. मुठीचे रबर फसले तर हात दुखेल. इथे माणूस रस्त्यावर पडेल.

वडिलांचा हट्ट एकच: 'जोड मूळचा आहे.' मूळचा असेल तर कपाटात जपू या, म्हणालो आणि नवा बसवून घेतला. आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत.