प्रवेश मिळाला, पैसे कोण देणार?

गेल्या महिन्यात आमच्या भागात शिक्षणावर एक बैठक झाली. दीड तासापैकी एक तास एकाच विषयावर गेला: हिंदी सिनेमात मुसलमान कसा दाखवतात. डोळ्यांत सुरमा, समोर मटणाचं ताट, हातात सुरा नाहीतर बॉम्ब. एकेक जण उठून बोलत होता आणि कुणीही खोटं बोलत नव्हतं. शेवटी मी उठलो. म्हटलं, आपल्याच उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधली एक मुलगी सिनेमाचं पदव्युत्तर शिक्षण घ्यायला निघाली आहे. लंडनच्या एका शाळेत प्रवेश मिळालाय, पुण्याच्या परीक्षेलाही बसणार आहे. तिच्यासाठी काही करता येईल का?

खोलीत शांतता पसरली. मग एक बुजुर्ग म्हणाले, "सर, नीट-बीट असतं तर बघितलं असतं. हे काम आपल्या लेकींचं नाही." तेवढ्यात चहा आला आणि बैठक संपली.

चहा आला नसता तर जे बोललो असतो, ते इथे लिहितो आहे.

ही मुलगी आठवी ते दहावी माझ्या वर्गात होती. माझ्याकडे उर्दू आणि मराठी दोन्ही शिकली. वडील मूळचे मालेगावचे, यंत्रमाग सोडून इथल्या जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्टर झाले. महिन्याला बावीस हजार, तेही काम असेल तर. आई घरी बसून धागा-कटिंग करते, म्हणजे शिवून आलेल्या जीन्सचे लोंबते दोरे कापते. पदवीच्या शेवटच्या वर्षी मुलीने मोबाइलवर नऊ मिनिटांची फिल्म केली. आईसारख्या चार बाया, एक बल्ब आणि कात्रीचा आवाज. तीत एकही भाषण नाही. ती फिल्म बघून मीच म्हणालो, "अर्ज कर. पैशाचं नंतर बघू."

आज मला या वाक्याची लाज वाटते. "पैशाचं नंतर बघू" असं तोच म्हणू शकतो, ज्याला नंतर बघावं लागणार नाही. मी पगारदार शिक्षक आहे, अंबरनाथला स्वतःच्या घरात राहतो. अर्जांची फी तिने शिकवण्या घेऊन भरली. शिफारसपत्र मात्र मी फुकट लिहिलं.

लंडनचं पत्र आलं तेव्हा तिच्या गल्लीत पेढे वाटले. पत्रात 'शिष्यवृत्ती' हा शब्द होता, त्यामुळे सगळ्यांना वाटलं काम झालं. मग आम्ही वही घेऊन बसलो. एका वर्षाची फी २८ हजार पौंड. शिष्यवृत्ती ५ हजार पौंड. उरले २३ हजार. लंडनमध्ये वर्षभर राहण्या-खाण्याचे काटकसरीने धरले तरी १५ हजार. एकूण ३८ हजार पौंड, म्हणजे ४३-४४ लाख रुपये. वडिलांची साडेसोळा वर्षांची कमाई. याला शिष्यवृत्ती म्हणत नाहीत. आमच्या फर्निचर बाजारात याला 'डिस्काउंट' म्हणतात.

पुढची पायरी व्हिसाची. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसासाठी फीचे आणि राहण्याचे पैसे सलग २८ दिवस खात्यात पडून असल्याचं दाखवावं लागतं. ज्यांच्याकडे नसतात ते कुणाकडून तरी महिनाभरासाठी व्याजाने आणून 'दाखवतात'. म्हणजे शिक्षणाचं कर्ज सुरू व्हायच्या आधीच एक कर्ज.

बँकेत गेलो. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की बँक तारण मागते. वडील म्हणाले, "घर तो है ना, सर." घर आहे, पण कागद? उल्हासनगरची कहाणी सगळ्यांना माहीत आहे. फाळणीनंतर लष्करी छावणीच्या बराकींत सिंधी निर्वासित आले आणि त्यातून शहर उभं राहिलं. पुढे इतकी बांधकामं परवानगीशिवाय झाली की ती नियमित करायला २००६ मध्ये सरकारला फक्त या शहरासाठी वेगळा कायदा करावा लागला. आजही कितीतरी घरांचा कागद बँकेच्या टेबलावर टिकत नाही. मुलीची नऊ मिनिटं लंडनला पटली, वडिलांची चाळीस वर्षांची भिंत बँकेला पटली नाही.

घरी आईने एकच प्रश्न विचारला, "यावर सूद किती?" आपल्याकडचे शिकलेले लोक अशा आईला मागासलेली म्हणतात. मी म्हणत नाही. श्रद्धा बाजूला ठेवून नुसता हिशेब केला तरी आईच बरोबर ठरते. एमबीए झालेल्याला दुसऱ्या वर्षी नोकरी लागते, हप्ता सुरू होतो. सिनेमा शिकलेला मुलगा पहिली चार-पाच वर्षं सहायकाचा सहायक असतो. अशा धंद्यात चाळीस लाखांचं कर्ज घेऊन उतरणारी मुलगी आपल्या बायांची फिल्म करणार नाही. हप्त्यासाठी ती तेच करेल, ज्याच्याविरुद्ध आपण बैठकीत तासभर बोलत होतो.

अमेरिकेची स्वप्नं बघणाऱ्यांसाठी एक आकडा. न्यूयॉर्कच्या टिशसारख्या शाळेत पदव्युत्तर सिनेमाची नुसती फी वर्षाला ६० हजार डॉलरच्या वर आहे आणि अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे. दीड कोटी रुपये फीतच जातात. टाटांचा जे. एन. टाटा एन्डाउमेंट १८९२ पासून परदेशी शिक्षणाला मदत करतो, त्याचं मोठं काम आहे. पण तीही कर्ज-शिष्यवृत्तीच आहे, परत करावी लागते.

आता सरकारकडे बघू. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणाच्या कर्जावरचं व्याज भरणारी 'पढो परदेस' योजना २०२२-२३ पासून बंद. संशोधन करणाऱ्यांची मौलाना आझाद फेलोशिप डिसेंबर २०२२ मध्ये बंद केल्याचं संसदेत सांगितलं गेलं. कारण काय, तर ती दुसऱ्या योजनांसारखीच आहे. पहिली ते आठवीची शिष्यवृत्तीही त्याच वर्षी गेली. १९८९ पासून चाललेलं मौलाना आझाद एज्युकेशन फाउंडेशन फेब्रुवारी २०२४ मध्ये गुंडाळायचा आदेश निघाला. बेगम हजरत महल यांच्या नावाची मुलींची शिष्यवृत्ती तेच देत होतं. राज्य सरकारने २०२४ मध्ये अल्पसंख्याकांसाठी परदेशी शिष्यवृत्ती आणली, हे चांगलं झालं. पण तिची फूटपट्टी विद्यापीठांची जागतिक क्रमवारी आहे आणि स्वतंत्र फिल्मशाळा तशा क्रमवारीत सहसा नसतातच. पहिलीपासून पीएचडीपर्यंतच्या शिडीच्या पायऱ्या एकेक करून काढायच्या आणि वर विचारायचं की तुमची मुलं वर का चढत नाहीत! याला मी दुर्लक्ष म्हणणार नाही. हा निर्णय आहे.

राहिलं पुणं. आणि माझ्या मते आधी पुणंच असायला हवं होतं.

लॉ कॉलेज रस्त्यावर जिथे प्रभातचा स्टुडिओ होता, तिथेच १९६० मध्ये सरकारने फिल्म इन्स्टिट्यूट सुरू केली. याच आवारात प्रभातने १९४१ मध्ये 'शेजारी' आणि त्याची हिंदी आवृत्ती 'पडोसी' केली होती. हिंदू आणि मुसलमान अशा दोन शेजाऱ्यांची गोष्ट. 'पडोसी'त मुसलमान म्हातारा गजानन जागीरदारांनी रंगवला आणि हिंदू म्हातारा मझहर खान यांनी. तेच जागीरदार पुढे इन्स्टिट्यूटचे पहिले प्रमुख झाले. ती जागा आपलीही आहे. सईद मिर्झा इथेच शिकले. केरळच्या खेड्यातल्या गरीब घरातला रसूल पूकुट्टी इथेच ध्वनी शिकला आणि २००९ मध्ये ऑस्कर घेऊन आला. कोणत्याही विषयाचा पदवीधर इथे परीक्षा देऊ शकतो.

पण पुण्याचंही गुलाबी चित्र रंगवणार नाही. २०१३ च्या तुकडीची वर्षाची फी ५५ हजारांच्या आसपास होती. दरवर्षी दहा टक्के वाढ धरल्यामुळे २०२० च्या तुकडीसाठी ती १ लाख १८ हजारांवर गेली. डिसेंबर २०१९ मध्ये मुलं या वाढीविरुद्ध आणि प्रवेश परीक्षेच्या महागड्या फीविरुद्ध उपोषणाला बसली होती. शिवाय कागदावर तीन वर्षं म्हणजे प्रत्यक्षात तीन असतीलच असं नाही. २०१५ मध्ये २००८ च्या तुकडीतली मुलं अजून आपली डिप्लोमा फिल्म पुरी करत होती. लांबलेल्या प्रत्येक वर्षाचं जेवण आणि भाडं घरातूनच जातं. म्हणून हिशेब करताना चार वर्षं धरा.

आणि तोंड उघडण्याचीही किंमत असते. २०१५ चा १३९ दिवसांचा संप आठवतो ना? त्या संपातल्या पायल कपाडिया यांची शिष्यवृत्ती कापली गेली होती. २०२४ मध्ये त्यांच्याच सिनेमाला कान महोत्सवात ग्राँ प्री मिळाला, तेव्हा अभिमानाने छाती फुगवायला सगळे पुढे. हे सगळं धरूनही पुण्याची फी आणि लंडनची फी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एक घर काटकसर करून पेलू शकतं, दुसऱ्यात घर बुडतं.

पुण्याला राखीव जागा आहेत. मोमीन, बागवान, तांबोळी, पिंजारी, अत्तार या आपल्या कितीतरी बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत. हे आपोआप झालेलं नाही. जालन्याच्या शब्बीर अन्सारी यांनी मुस्लिम ओबीसींची संघटना उभी करून हयात घालवली. त्यांच्या सभांना दिलीपकुमार गावोगाव गेले. हिंदी सिनेमाचा सर्वांत मोठा नट आपल्या दाखल्यासाठी उन्हात फिरला, आणि या मुलीच्या घरी तो दाखलाच काढलेला नव्हता! मालेगावचे मोमीन, तीन पिढ्यांचे कागद घरात, पण "हम में जात-पात नहीं" म्हणून कुणी तहसीलची पायरी चढलं नाही. इस्लाममध्ये जात नाही, हे बरोबर. पण अर्जात रकाना आहे. तो रिकामा सोडलात तर जागा दुसऱ्याची.

आता दोन आक्षेप. पहिला, "सिनेमा करायला शाळा कशाला? मालेगाव बघा." मीही मालेगावच्या पोरांवर फिदा आहे. बैलगाडीची क्रेन आणि सायकलची ट्रॉली करून त्यांनी 'मालेगाव के शोले' काढला. पण त्यांच्यावर माहितीपट बाहेरून आलेल्या दिग्दर्शिकेने केला, २०२५ मध्ये पडद्यावर आलेला मोठा सिनेमा मुंबईने केला. मालेगावकडे वेड होतं. साधनं, ओळखी आणि शिक्षण दुसऱ्यांकडे होतं. नागराज मंजुळे यांचं उदाहरण जास्त कामाचं आहे. तेव्हाच्या अहमदनगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात संज्ञापन शिकताना त्यांनी 'पिस्तुल्या' केला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मग 'फँड्री', मग 'सैराट'. म्हणजे शाळा हवीच, पण ती लंडनलाच असली पाहिजे असं नाही. जिल्ह्याच्या कॉलेजातला परवडणारा अभ्यासक्रमही माणूस घडवतो.

दुसरा आक्षेप धर्माचा. मी आलिम नाही, फतवा देणार नाही. झकातीचा पैसा यात चालतो की नाही, हे जाणकारांनी सांगावं. मी झकात मागतच नाही. मी लग्नाच्या हॉलचं, तीन प्रकारच्या बिर्याणीचं आणि बॅनरबाजीचं बोलतोय. घरोघरी मोबाइलवर सिनेमा चालतो, बुजुर्गांच्याही घरी. बघणं चालतं, बनवणं चालत नाही? मग दुसरे बनवतील तसे आपण दिसणार. नंतर बैठक घेऊन रडायचं नाही. तक्रारीला पैसे पडत नाहीत, कॅमेऱ्याला पडतात.

माझ्या पेशातल्या लोकांनाही सांगतो. मुलाला फिल्मशाळेचा अर्ज करायला लावण्याआधी वहीत दोन रकाने काढा. एका बाजूला फी, राहणं, लांबणारं वर्ष. दुसऱ्या बाजूला हातात आलेली रक्कम, आश्वासनं नाहीत. दुसरा रकाना भरत नसेल तर प्रवेशपत्र फ्रेम करा आणि नाही म्हणा. नाही म्हणणं ही हार नाही. जातीचा दाखला परीक्षेच्या वर्षभर आधी काढून ठेवा, नॉन-क्रिमीलेअरही वेळेत काढा. आणि "पैशाचं नंतर बघू" हे वाक्य शिक्षकांनी तोंडातून काढून टाका.

मुलीने लंडनला नकार कळवला. मेल पाठवताना मी शेजारी बसलो होतो. ती रडली नाही, फक्त म्हणाली, "सर, पुण्याला नंबर लागला तर तिकडेही असंच होणार का?" मी उत्तर दिलं नाही, कारण ते एकट्या माझ्याकडे नाही.

म्हणून एवढंच केलंय. दाखल्याचा अर्ज आम्ही दिला आहे. माझा एक महिन्याचा पगार बाजूला काढून ठेवला आहे. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरमधून दरमहा पाचशे रुपये चार वर्षं देणारी तीस माणसं मिळाली तर सात लाखांच्या वर रक्कम जमते. व्याज नाही, तारण नाही, कुणाचे उपकार नाहीत. यंदा ही मुलगी, पुढच्या वर्षी दुसरी. त्या दिवशीच्या बैठकीत आम्ही चाळीस जण होतो. येत्या रविवारी असरनंतर त्याच ठिकाणी पुन्हा बसणार आहोत. त्या बुजुर्गांनाही निरोप दिला आहे. चहा शेवटी येईल.