चामड्याचे यंत्र कोण निवडणार?

गरिबाला शिवणयंत्र देणे हे आपल्याकडील राज्यकर्त्यांचे फार आवडते पुण्यकर्म आहे. मंडप उभारला जातो, यंत्रांना हार घातले जातात, छायाचित्रे निघतात आणि किती यंत्रे वाटली याचा आकडा अहवालात जातो. यंत्र कोणत्या कामाचे, हे मात्र ज्याला ते मिळते त्याला कोणी विचारत नाही. कापड शिवणाऱ्याच्या बाबतीत ही बेपर्वाई एक वेळ खपून जाते. चामडे शिवणाऱ्याच्या बाबतीत ती त्याचा माल बिघडवते आणि भांडवल खाते.

नाशिकचे उदाहरण घ्यावे. देवळालीला लष्कराच्या तोफखान्याचे केंद्र आहे, त्र्यंबक रस्त्यावर महाराष्ट्र पोलीस अकादमी आहे, सातपूर-अंबडच्या कारखान्यांत वेल्डिंग करणाऱ्या कामगाराला चामडी हातमोजे आणि एप्रन लागतात. पट्टे, पिशव्या, म्यान, हत्यारांच्या थैल्या अशा मध्यम जाडीच्या चामडी कामाला या शहरात गिऱ्हाईक नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. आरी आणि रापी चालवणारे हात पिढ्यान् पिढ्या येथे आहेत. या हातांना योग्य यंत्राची जोड कोणी द्यायची आणि ते यंत्र कोणते, हा प्रश्न वरवर तांत्रिक दिसतो. वस्तुतः तो अर्थकारणाचा आणि अधिकाराचा प्रश्न आहे.

आधी तांत्रिक बाजू समजून घेतली पाहिजे, कारण वाटपवाल्यांचे अज्ञान तेथेच लपलेले असते. साध्या यंत्रात खालचे दाते कापड पुढे ढकलतात आणि वरचा पाय ते नुसते दाबून धरतो. दोन-दोन, तीन-तीन मिलिमीटर जाडीचे चामड्याचे दोन थर त्याखाली घातले की खालचा थर सरकतो, वरचा पायाला चिकटून मागे राहतो; शिवण वाकडी जाते आणि खालच्या बाजूस दात्यांचे वळ उमटतात. कापडाची शिवण उसवून पुन्हा घालता येते. चामड्याला पडलेले भोक कायमचे असते. एक शिवण चुकली म्हणजे तेवढे चामडे गेले, आणि ते सरकारचे नव्हे, कारागिराचे गेले.

म्हणून अशा कामाला खालचे दाते, सुई आणि वरचा पाय ही तिन्ही एकत्र पाऊल टाकतील असे यंत्र लागते. बाजारात त्याला वॉकिंग फूट किंवा कंपाउंड फीड म्हणतात. त्याला १८ ते २३ नंबरपर्यंतची चामड्याची सुई आणि जाड नायलॉनचा दोरा पेलला पाहिजे, आणि पाय इतका उचलला गेला पाहिजे की सहा-आठ मिलिमीटरचा जोड त्याखालून सहज जावा. पट्टे आणि पाकिटे सपाट पाटाच्या यंत्रावर होतात. पिशवीचा कोपरा किंवा म्यानाची गोलाई शिवायची तर नळीसारख्या हाताचे, म्हणजे सिलिंडर यंत्र हवे. मोटर अशी हवी की पायाच्या हलक्या दाबावर एक-एक टाका पडावा. जुनी क्लच मोटर बटण दाबल्यापासून फिरतच राहते, वीज खाते आणि सावकाश चालवताना हाताबाहेर जाते. सर्व्हो मोटर पाय दाबला तरच फिरते. नाशिकमध्ये त्या यंत्राचा सुटा भाग मिळतो का आणि दुरुस्त करणारा माणूस आहे का, हेही खरेदीआधीच पाहावे लागते.

हे सारे कागदावरच्या निविदेतून ठरत नाही. त्याची परीक्षा एकच: कारागिराने आपले चामडे आणि आपला दोरा घेऊन जावे, सर्वांत जाड जोड आणि सर्वांत पातळ कड त्या यंत्रावर शिवून पाहावी, एक कोपरा वळवावा आणि मग तुकडा उलटा करून खालची बाजू बघावी. जेथे ही परीक्षा होत नाही तेथे निवड झाली असे म्हणताच येत नाही. तेथे फक्त खपवाखपवी होते.

आता सरकारी हिशेबाकडे वळू. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत. त्यांत शिंपीही आहे आणि चर्मकारही. अवजारांसाठी दोघांनाही मदत सारखीच, जास्तीत जास्त १५,००० रुपये. वरकरणी ही समता वाटते. पण एवढ्या रकमेत शिंप्याचे घरगुती यंत्र येते. तिहेरी चालीचे नवे यंत्र तिच्या कितीतरी पुढे असते. असमान गरजांना समान रक्कम देणे याला समता म्हणत नाहीत. ती फायलीची सोय असते.

यावर उत्तर तयार असते: कर्ज आहे ना! आहे. ५ टक्के व्याजाने पहिल्या हप्त्यात एक लाखापर्यंत, अठरा महिन्यांत फेडायचे. समजा एकाने पूर्ण एक लाख घेतले आणि यंत्र आणले, तर महिन्याचा हप्ता सुमारे ५,८०० रुपये होतो, आणि तो चामड्याचा धंदा थंडावणाऱ्या पावसाळ्यातही द्यावा लागतो. त्या बदल्यात यंत्र दिवसाला किती चालते? टाका चार मिलिमीटरचा धरला तर एका मीटरला २५० टाके. सावकाश, मिनिटाला २५० टाक्यांच्या गतीने मीटरला एक मिनिट. मीटरभर लांबीच्या पट्ट्याच्या दोन्ही कडा शिवायला दोन-अडीच मिनिटे. मांडणे, वळवणे, दोरा तोडणे धरून पाच. दिवसाला दहा पट्टे म्हणजे पन्नास मिनिटे. बाकीचा सारा दिवस कापणे, कड पातळ करणे, चिकटवणे, भोके पाडणे आणि कड घोटणे यात जातो. आठ तासांच्या दिवसात सात तास यंत्र उभे आणि हप्ता मात्र चोवीस तास चालू, असा हा व्यवहार आहे. मिनिटाला चार-पाच हजार टाके घालणाऱ्या वेगवान यंत्राची जाहिरात या कारागिरापुढे करणे म्हणजे नांगरणाऱ्याला शर्यतीचा घोडा विकणे होय.

या आकड्यांतून निष्कर्ष आपोआप निघतो. हे यंत्र एकट्याच्या मालकीचे असण्याची वस्तूच नाही. नाशिक जिल्ह्याला हे नव्याने शिकवण्याची गरज नसावी. प्रत्येक द्राक्षबागाईतदाराने स्वतःचे शीतगृह बांधावे असा सल्ला येथे कोणी देत नाही. १९९१ मध्ये महाग्रेप्स उभे राहिले ते पूर्वशीतकरण आणि निर्यात एकट्याला परवडत नाही म्हणूनच. बागाईतदाराच्या बाबतीत जे शहाणपण ठरते ते चर्मकाराच्या बाबतीत अव्यवहार्य कसे ठरते, याचे उत्तर ‘उद्योजकता’ शिकवणाऱ्यांनी द्यावे.

महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकार कायद्यानुसार वेगवेगळ्या कुटुंबांतील दहा माणसे संस्था काढू शकतात. दहा जणांचे रोजचे काम वरच्या हिशेबाने पाचशे मिनिटे होते. एक सपाट आणि एक सिलिंडर अशी दोन यंत्रे त्याला पुरून उरतात. दहा जणांची १५,००० ची मदत एकत्र केली तर दीड लाख होतात. आज ती प्रत्येकाच्या नावावर सुटी सुटी मिळते आणि सुटी सुटीच वाया जाते. ती एकत्र वापरण्याची मुभा देणे, एवढी साधी दुरुस्ती योजनेत झाली पाहिजे.

सहकार म्हणताच काही जण हसतील आणि साखर कारखान्यांकडे बोट दाखवतील. हसण्याला आधार आहे. म्हणूनच संस्थेचा सभासद तोच असावा जो स्वतः चामडे शिवतो. यंत्राच्या पाळ्या भिंतीवर लिहिलेल्या असाव्यात. प्रत्येक मीटरमागे थोडी रक्कम दुरुस्ती निधीत जावी. सावकार, विक्रेता आणि पुढारी यांना दाराबाहेर ठेवले तर बिघाडाची निम्मी कारणे दाराबाहेरच राहतात.

दुसरा आक्षेप आपल्याच गोटातून येतो: यंत्र हातांचे काम खाईल. तो गांभीर्याने घेतला पाहिजे. १९२४ मध्ये यंत्रविरोधाबद्दल प्रश्न विचारला गेला तेव्हा गांधीजींनी सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला, हे सर्वजण सांगतात. अशी यंत्रे बनवणारे कारखाने राष्ट्राच्या मालकीचे वा नियंत्रणाखालचे असावेत, इतपत आपण समाजवादी आहोत, असेही ते त्याच संवादात म्हणाले होते, हे मात्र सोयीस्करपणे विसरले जाते. मार्क्सने १८६७ च्या ‘कॅपिटल’मध्ये त्याच शिवणयंत्राची दुसरी बाजू दाखवली: यंत्रे आठवड्याच्या भाड्याने दिली जाऊ लागली आणि स्वतःचे यंत्र असलेल्या लहान मालकांचा त्या स्पर्धेत चुराडा झाला. दोघांच्या म्हणण्यातून एकच गोष्ट ठळक होते: यंत्र कोणाच्या हातात आहे यावर ते तारणार की मारणार हे ठरते. कोल्हापुरी चप्पल हातानेच शिवली जावी, कारण तिचे मोल त्या हातशिलाईत आहे. पण कामगाराच्या एप्रनला आणि पोलिसाच्या पट्ट्याला हातशिलाईचा आग्रह धरणे म्हणजे दुसऱ्याच्या बोटांवर आपली कलासक्ती भागवणे आहे.

शेवटी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. ‘या लोकांना यंत्रातले काय कळते’ हे वाक्य कार्यालयांत सहज उच्चारले जाते. चामड्याचा पोत बोटांनी ओळखणाऱ्या माणसाबद्दल ते उच्चारले जाते, आणि निविदा काढणाऱ्याने कधी सुईत दोरा ओवलेला नसतो. या वाक्याला जातीचा जुना वास आहे. १९३० मध्ये याच नाशकात काळाराम मंदिराच्या दाराशी सत्याग्रह झाला, तो माणसाची पात्रता दुसऱ्याने ठरवण्याच्या हक्कालाच आव्हान देण्यासाठी. मंदिराचे दार उघडले आणि निर्णयाचे दार बंद राहिले, तर तो लढा अर्धाच जिंकला म्हणायचा.

मागण्या तीन आहेत आणि त्या फार मोठ्या नाहीत. मदतीची रक्कम व्यवसायाच्या खऱ्या गरजेप्रमाणे ठरवा आणि ती एकत्र करण्याची मुभा द्या. कारागिराने आपल्या चामड्यावर चालवून पाहिल्याशिवाय एकही यंत्र खरेदी करू नका. आणि वाटपाच्या अहवालात यंत्रांच्या संख्येसोबत एक रकाना वाढवा: वर्षभरानंतर त्यांतली किती चालू आहेत? तो रकाना प्रामाणिकपणे भरला गेला, तर हार घालण्याचे समारंभ आपोआप कमी होतील.