शिरीषकुमारच्या हातातला झेंडा

९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारात शिरीषकुमार मेहता गोळ्या लागून पडला, तेव्हा त्याला सोळावं वर्ष चालू होतं. नंदुरबार त्या वेळी पश्चिम खानदेशात, म्हणजे आम्हा धुळेकरांच्याच जिल्ह्यात होतं. वेगळा जिल्हा झाला तो १९९८ मध्ये. त्यामुळे धुळ्याच्या वर्गात त्याची गोष्ट सांगताना मी नेहमी ‘आपला शिरीष’ म्हणत आले. त्या दिवशी पोलिसांनी इंग्रज सत्तेविरुद्धची मिरवणूक अडवली, पांगण्याचा हुकूम दिला. बंदुका मिरवणुकीतल्या मुलींच्या दिशेने वळल्या तशी झेंडा घेतलेला हा पोर पुढे झाला आणि मारायचं तर मला मारा म्हणाला, असं सांगतात. त्याच्याबरोबर लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्याम शहा हेही गेले.

त्या झेंड्यावर अशोकचक्र नव्हतं. आजचा तिरंगा संविधान सभेने स्वीकारला २२ जुलै १९४७ ला, आणि ‘जन गण मन’ राष्ट्रगीत ठरलं २४ जानेवारी १९५० ला. शिरीषने यातलं काहीच पाहिलं नाही. त्याच्या झेंड्यामागे ना सरकार होतं, ना कायदा. उलट सगळी सत्ता त्या झेंड्याच्या विरोधात उभी होती. तरीही त्याने तो सोडला नाही.

म्हणून सक्तीच्या आदराची भाषा कानावर आली की मला वाईट वाटतं. नोव्हेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगृहांत राष्ट्रगीत बंधनकारक केलं, आणि मग काही ठिकाणी लोक शेजारच्या खुर्चीवर पाळत ठेवू लागले, कोण उठलं नाही म्हणून. जानेवारी २०१८ मध्ये न्यायालयानेच ती सक्ती काढली, ते योग्य झालं. अपमान करणाऱ्यासाठी १९७१ चा कायदा आहे आणि तो असायलाच हवा. पण राष्ट्रगीताची ती ५२ सेकंदं ऊर भरून यावा, हे कुठल्याही कायद्याच्या हातात नाही. मी स्वतः ताठ उभी राहते, आणि आजही माझा गळा दाटतो. कारण ती पाच नावं मला पाठ आहेत.

एकदा पाचवीच्या वर्गात एका पोराने अहिराणीत विचारलं, त्याने झेंडा खाली ठेवला असता तर तो वाचला असता ना? मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, “पण बाई, मग मागचे सगळे पळाले असते.” झेंडा धरणारा मागच्यांसाठी उभा असतो, हे तिला न शिकवता कळलं होतं. यापेक्षा नेमकं मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

‘हर घर तिरंगा’मुळे २०२२ पासून आमच्या गल्लीत घराघरावर झेंडे लागतात. मला ते मनापासून आवडतं. आता त्याला गोष्टीची जोड द्या. धुळे, जळगाव, नंदुरबारच्या प्रत्येक शाळेत ९ सप्टेंबरच्या परिपाठात राष्ट्रगीताआधी ती पाच नावं मोठ्याने वाचा. आणि दरवर्षी एक तरी वर्ग एसटीने नंदुरबारच्या हुतात्मा स्मारकापर्यंत न्या. सहलीच्या यादीत सापुतारा असतंच. नंदुरबारलाही दोन तास द्यायला कुठल्याही मुख्याध्यापकांची हरकत नसावी.