रोपाबरोबर बुरशीही लावा



पावसाळ्यात बांधावर साग, आंबा, चिंच लावायची अन् उन्हाळ्यात मोकळी आळी मोजायची, हे किती वर्षं चालायचं? दोष आपण पाण्याला देतो. माझ्या मते बरीच रोपं पिशवीतच उपाशी असतात. मुळावरची मायकोरायझा बुरशी दूरचं स्फुरद मुळाला पोचवते, बदल्यात झाडाची साखर घेते. सहकारच म्हणा ना! प्वेर्तो रिको बेटावर पाइनची रोपं तग धरत नव्हती. १९५० च्या दशकात बुरशीची माती दिल्यावर ती वाढली. आपल्या झाडांची बुरशी वेगळी, पण धडा तोच. पिशव्या भरतानाच निरोगी जुन्या आंब्याखालची, बारीक मुळ्यांसकट मूठभर माती घाला. सुपर फॉस्फेट बेतानं द्या. जादा झालं की बुरशी मंदावते. एक ओळ मातीची, एक बिनमातीची लावा आणि फरक गट ऑफिसात येऊन सांगा.

— ऊस विकास अधिकारी